सोलापुरात ड्रिफ्टिंग शिकायला स्वस्त गाडी: आधी जागा शोधा, मग गाडी

ड्रिफ्टिंग शिकायला गाडी शोधणारा नवखा पहिला प्रश्न हमखास चुकीचा विचारतो: "किती हॉर्सपॉवरची घेऊ?" ड्रिफ्टिंग म्हणजे मागची चाकं मुद्दाम घसरवत वळण घेणं, म्हणून खरा प्रश्न आहे, गाडी घसरवणार कुठे? दाबलेल्या मुरमावर पन्नास-बावन्न हॉर्सपॉवरची जुनी फियाटसुद्धा मागून सुटते. कोरड्या काँक्रीटवर तीच फियाट नुसती कण्हते आणि दिवसभरात क्लच प्लेट खाते. म्हणून जागा ठरल्याशिवाय गाडीच्या फोटोंकडे बघूच नका.

जागा

सार्वजनिक रस्ता बाद. चिंचोळी किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीतले रस्ते रात्री कितीही मोकळे दिसले तरी ते रस्तेच आहेत. मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ (धोकादायक चालवणं) आणि कलम १८९ (शर्यत) तिथेही लागू होतं. शिवाय शर्यत आणि वेगाची चाचणी गाडीच्या नेहमीच्या विम्यात बसत नाही, त्यामुळे ठोकर झाली तर सगळा खर्च खिशातून.

सोलापूर जिल्ह्याची खरी सोय म्हणजे साखर कारखाने. गाळप हंगाम संपला की उसाच्या गाड्या उभ्या राहायचं यार्ड पावसाळ्यापर्यंत रिकामं पडतं. बऱ्याच ठिकाणी तिथला मुरूम हजारो ट्रॉल्यांनी दाबून कडक केलेला असतो. गोडाऊनचं आवार, वीटभट्टीची सपाट जागा, ओळखीच्या कुणाचा एनए झालेला प्लॉट हेही चालतं. परवानगी लेखी घ्या, वॉचमनच्या "चालतंय की"वर जाऊ नका. किमान ४० बाय ४० मीटर मोकळं हवं, ६० बाय ६० मिळालं तर उत्तम. मोकळं म्हणजे त्या चौकोनाबाहेरही सगळ्या बाजूंनी १५ मीटरपर्यंत विहीर, डीपी, लाईटचा खांब, दगडी बांध यांपैकी काही नको. आडवी घसरत जाणारी गाडी नुसत्या घसरण्याने क्वचितच उलटते. तिचं चाक बांधाला किंवा दगडाला अडतं आणि मग ती पलटी खाते.

काळ्या रानात तर अजिबात नको. कोरड्या काळ्या मातीला भेगा आणि ढेकळं असतात, त्यात चाक अडकतं. एक पाऊस झाला की ट्रॅक्टर बोलवावा लागतो.

जागा मुरमाची असेल तर कमी ताकदीची, हलकी, जुनी गाडी पुरते. काँक्रीट किंवा डांबर असेल तर ताकद जास्त लागते, टायर जास्त लागतात आणि बजेट दुप्पट धरावं लागतं. नवख्याने मुरमावरच सुरुवात करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. वेग निम्म्यावर राहतो, टायर टिकतात आणि चूक महागात पडत नाही.

कोणती गाडी

इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाणारी गाडी हवी. मारुती ८००, झेन, एस्टीम, सँट्रो, इंडिका, स्विफ्ट या सगळ्या पुढच्या चाकांवर चालतात. हँडब्रेक ओढला की त्यांचीही मागची बाजू घसरते, पण ॲक्सिलरेटर दाबून ती घसरण टिकवता येत नाही. दाबलात की गाडी सरळ होते. घरात अशी गाडी पडून असेल तर घसरण सुरू झाली की हात कुठे जातात, एवढं तिच्यावर शिकता येईल. पुढचं नाही.

उलट दिशेची चूक जास्त धोक्याची. ओम्नी, ईको, सुमो, बोलेरो, स्कॉर्पिओ, क्वालिस, टवेरा या मागच्या चाकांवर चालतात आणि सोलापुरात गल्लोगल्ली मिळतात. पण सगळ्या उंच. त्यात ओम्नीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, जेमतेम १८४० मिलिमीटर, म्हणजे गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि फिरता फिरता झोपते. नॅनोसुद्धा मागच्या चाकांची, स्वस्त आणि मोह पाडणारी. पण इंजिन मागे, उंची जास्त, अंग आखूड. एकदा मागची बाजू सुटली की सावरायला वेळच देत नाही.

हवी आहे ती सेडान. बुटकी, मॅन्युअल गिअरची, व्हीलबेस बऱ्यापैकी लांब. गाडी लांब असली की ती हळू वळते आणि नवख्याच्या हातांना स्टिअरिंग उलटं फिरवायला अर्धा सेकंद जास्त मिळतो. शिकण्याच्या काळात तो अर्धा सेकंद वीस हॉर्सपॉवरपेक्षा मोलाचा.

प्रीमियर ११८ एनई (ही आणि पद्मिनी, दोन्हींना लोक फियाटच म्हणतात) ही मुरमासाठी आमची पहिली पसंती. हलकं अंग आणि निसानचं ११७१ सीसीचं साधं, चिवट इंजिन. लोक पद्मिनीच्या मागे लागतात म्हणून ही अजून दुर्लक्षित आहे. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन थोडं अशक्त, पण मुंबईतल्या टॅक्सींमुळे तिचे पार्ट वर्षानुवर्षं बनत राहिले. त्या पद्मिनी टॅक्सी २०२३ साली बंद झाल्या तरी जुना माल अजून फिरतो.

ॲम्बेसेडर घ्यायची तर इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरवालीच. डिझेल ॲम्बेसेडर स्वस्त मिळते, पण तिला वळणात दम नाही. कॉन्टेसा मागच्या पिढीची स्वप्नातली गाडी. आता शौकीन मंडळींनी भाव इतके चढवलेत की शिकायला घेणं म्हणजे पैठणीचं पायपुसणं करणं.

मर्सिडीज डब्ल्यू १२४ (पुण्यात १९९५पासून जोडलेली), डब्ल्यू २०२ किंवा डब्ल्यू २०३ कधीकधी आश्चर्य वाटेल इतक्या कमी भावात मिळते. त्यात एक मेख आहे. या गाड्यांना हाताचा ब्रेक नसतो, पार्किंग ब्रेक डाव्या पायाने दाबायचा असतो. म्हणजे हँडब्रेकने मागची बाजू सोडवायचा पहिला धडाच बाद. त्यातून बऱ्याच गाड्या ऑटोमॅटिक. बीएमडब्ल्यू ई ९० पिढीची ३२० डी तंत्राने चांगली, पण तिच्या एन ४७ इंजिनाची टायमिंग चेन मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे असते. ती वाजायला लागली की इंजिन खाली उतरवावं लागतं. ज्याला हा खर्च झेपतो त्याने स्वस्त गाडीचा लेख वाचायची गरज नाही.

शोधायचं कुठे

ऑनलाइन जाहिरातींत "व्हिंटेज", "क्लासिक" असे शब्द दिसले की वीस हजार वाढलेच म्हणून समजा. ११८ एनई आणि ॲम्बेसेडरचा खरा ठावठिकाणा जुन्या मिस्त्रींना असतो. तिशीत ज्यांनी कार्बोरेटर उघडले आणि आज साठीत आहेत, अशा दोन-तीन मिस्त्रींना सोलापूर, बार्शी आणि पंढरपुरात भेटा. विचारायचं ते एवढंच: "पत्रा शाबूत असलेली, बंद पडलेली फियाट कुणाच्या दारात आहे का?" बंद गाडी चालते, सडलेली चालत नाही. इंजिन बांधता येतं. पत्रा बांधायला गेलात तर गाडीच्या किमतीइतके पैसे जातात.

मालकाला "ड्रिफ्टिंगला पाहिजे" हे आवर्जून सांगायचं कारण नाही. वडिलांची गाडी विकणारा माणूस हळवा असतो. पण विचारलं तर खोटंही बोलू नका.

गाडी बघायला गेल्यावर

सकाळी जा आणि आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर पहिलं काम म्हणजे बॉनेटवर हात ठेवणं. गरम लागलं तर थंड इंजिनाचा त्रास लपवलाय असं धरून चाला.

सोबत न्यायचं सामान: टॉर्च, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड), दोन दगड किंवा ठोकळे, जमलं तर कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर).

थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. आत पांढरट खडूसारखा थर असेल तर आयुष्यभर बोअरचं पाणी घातलेलं आहे. सोलापूरच्या उन्हात, पारा चाळिशीच्या वर असताना, गाडी जागच्या जागी चार हजार आरपीएमवर फिरवायची असते. समोरून वारा येत नाही, सगळी मदार रेडिएटर आणि पंख्यावर. क्षाराने भरलेला रेडिएटर दहा मिनिटांत हात टेकतो आणि हेड गॅस्केट घेऊन जातो. हा दोष चालतो, पण नवीन कोअरचे पैसे किमतीतून कापून घ्या.

मग पत्रा. चुंबक दाराच्या खालच्या काठावर, मडगार्डवर आणि डिकीच्या तळाशी फिरवा. चिकटलं नाही तिथे पेंटरने लांबी (पुट्टी) भरलीय. दारात लांबी असली तर असू दे, शोभेचं काम आहे. पण जॅक लावायची जागा, पुढच्या सस्पेन्शनचे बुरूज आणि पद्मिनी-ॲम्बेसेडरमध्ये मागचे पाटे जिथे बॉडीला टांगलेत ती जागा, इथे पत्रा पापडासारखा दबला तर व्यवहार तिथेच थांबवा. ड्रिफ्टिंगमध्ये आडवा जोर नेमका या जागांवर येतो.

आता मागची बाजू. पुढच्या चाकांना दगड लावा, मागून गाडी उचलून दोन्ही बाजूंना घोडी लावा. नुसत्या जॅकवर गाडीखाली डोकं घालू नका. हँडब्रेक सोडा, इंजिन बंद ठेवून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका. एक मागचं चाक हाताने फिरवा. दुसरं चाक उलट्या दिशेने फिरलं तर डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) उघडं आहे, म्हणजे कंपनीचं आहे तसं. चाक फिरायलाच तयार नसेल तर आधी कुणीतरी ते वेल्ड केलंय, किंवा आत काहीतरी अडकलंय. फिरवताना खरखर ऐकू आली तर बेअरिंग, टक् आवाज आला तर डिफरन्शियलमधले गिअर. मग खाली वाकून प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारी दांडी, मुठीत धरा आणि पिळा. तिच्या टोकाच्या सांध्यापाशी, म्हणजे क्रॉसपाशी, हलकाही खेळ जाणवला तर क्रॉस बदलायचा. तो स्वस्त आहे; तुटलेला शाफ्ट खालून पत्रा फाडतो, ते स्वस्त नाही.

चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. ड्रमवर तेलाचे ओघळ दिसले तर ॲक्सलचं ऑइल सील किंवा व्हील सिलिंडर गळतोय. ब्रेक शू तेलाने भिजले की त्या बाजूचं चाक हँडब्रेकने लॉकच होत नाही.

याची परीक्षा अशी: मुरमावर पंधरा-वीसच्या वेगाने सरळ जाताना क्लच दाबा आणि हँडब्रेक ओढा. उतरून मागे बघा. दोन ओरखडे हवेत, दोन्ही सारख्याच लांबीचे. एकच ओरखडा असेल किंवा एक वीतभर आणि दुसरा हातभर असेल, तर केबल, शू किंवा सील यांचं काम निघालं. ड्रिफ्टिंगच्या गाडीत इंजिनाइतकाच हँडब्रेक महत्त्वाचा, आणि विकणारा त्याला किरकोळ समजतो. घासाघीस करायला इथेच जागा आहे.

क्लचची परीक्षा: हँडब्रेक ओढलेला, तिसरा गिअर, थोडा ॲक्सिलरेटर देऊन क्लच सोडा. इंजिन बंद पडायला हवं. फिरतच राहिलं तर प्लेट संपली.

इंजिन सुरू झाल्यावर धुराचा रंग बघा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरा येत राहिला तर पाणी जळतंय, काळा असेल तर कार्बोरेटर जास्त पेट्रोल पाजतोय. काळ्याला घाबरू नका. गेज असेल तर चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. १३० ते १६० पीएसआयच्या आसपास आणि एकमेकांत १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. चारही थोडे कमी पण सारखे असले तर चालेल. तीन चांगले आणि एक पडलेला, हे मात्र नको.

स्टिअरिंग सरळ ठेवून डावी-उजवीकडे हलवा. चाकं हलायच्या आधी दोन बोटांपेक्षा जास्त खेळ असेल तर टाय रॉड एंड, बुश आणि स्टिअरिंग बॉक्स बघायला लागेल. ड्रिफ्टिंगमध्ये स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पळतं. मध्येच रिकामी जागा लागली की गाडी कुठे आहे हे हातांना कळतच नाही.

कागद

एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाचं नाव, नोंदणीची मुदत, कर्जाचा बोजा आणि थकलेली चलनं बघा. चासीवर ठोकलेला नंबर आरसी बुकाशी अक्षर-अक्षर जुळवा. गंज असेल तर कागद ठेवून पेन्सिलने घासा, आकडे उमटतात.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे नूतनीकरणाला १ एप्रिल २०२२पासून ५००० रुपये फी लागते, वीस वर्षांवरच्या गाडीला त्याहून जास्त. वर पर्यावरण कर आणि फिटनेस तपासणी. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, जुनं कर्ज असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५. मालक वारलेले असतील, आणि जुन्या फियाटींचे बहुतेक असतात, तर सगळ्या वारसांची संमती आधी, पैसे नंतर.

केए २८ आणि केए ३२ पासिंगच्या, म्हणजे विजापूर-कलबुर्गीच्या गाड्या सोलापुरात स्वस्त दिसतात. त्या कायम इथे चालवायच्या तर तिकडची एनओसी (फॉर्म २८), इकडे नव्याने नोंदणी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स. सगळं मिळून स्वस्ताई संपते.

एक पळवाट लोक सांगतात, पण ती कायदेशीर नाही. गाडी फक्त खासगी आवारात चालवायची असेल तर मुदत संपलेली घ्या, टेम्पोवर चढवून न्या आणि रस्त्यावर कधीच उतरवू नका, असं. पण मोटार वाहन कायद्याचं कलम ३९ नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक जागीच नव्हे, इतर कुठेही चालवायला मनाई करतं, म्हणून नोंदणी चालू असलेलीच गाडी घ्या. गाडी टेम्पोवरून नेणार असाल तरी मूळ आरसी, मालकाचं ओळखपत्र आणि पाचशेच्या स्टँपवर विक्रीचा करार हवाच. उद्या ती चोरीची निघाली तर तुमच्याकडे दाखवायला कागद लागेल.

पैसे

एकूण दोन लाख असतील तर गाडीवर एक लाखाच्या वर जाऊ नका. क्लच, रेडिएटर, ब्रेक आणि क्रॉस यांना ४० हजार. हेल्मेट, सीट, बेल्ट आणि अग्निशामक यांना २० हजार. कागदांना १५, टायरना १५, टेम्पोला १० हजार. सगळे दोन लाख गाडीत घालणारा दुसऱ्या रविवारी घरी बसलेला असतो.

पहिल्या दिवसाआधी

आवाज वाढवायला सायलेन्सर कापणं, गाडी खाली बसवणं, डिफरन्शियल वेल्ड करणं, यातलं सुरुवातीला काहीच नको. उघड्या डिफरन्शियलमध्ये ताकद हलक्या चाकाकडे पळते, म्हणून काँक्रीटवर आतलं एकच चाक धूर काढतं. मुरमावर दोन्ही चाकांची पकड मुळातच कमी, त्यामुळे शिकण्यापुरतं भागतं. वेल्ड केलेली गाडी प्रत्येक वळणात आतलं चाक फरफटवते आणि ॲक्सल तोडते. ती रस्त्यावर चालवायची नसते. पुढे करायचीच झाली तर गिअर आधी तेलमुक्त करून तापवून, वेल्डिंगनंतर हळूहळू थंड होऊ देणारा वेल्डर शोधा. गिअरचं पोलाद कडक असतं, थंडच वेल्ड केलं की तडकतं.

पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदला. पंपावर आता ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं आणि इथेनॉल जुनं रबर फुगवतं. गरम मॅनिफोल्डवर गळणारा पाइप म्हणजे आग, म्हणून दोन किलोचा एबीसी पावडरचा अग्निशामक ड्रायव्हरच्या हाताशी घट्ट बांधा. बॅटरीला पट्टी आवळा. घसरताना ती सरकून बॉनेटला टेकते आणि शॉर्ट होते. स्टेपनी, जॅक, पाण्याची बाटली सगळं बाहेर काढा. पेडलखाली गेलेल्या बाटलीमुळे ब्रेक दाबताच येत नाही. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, लांब वळणात ते एका बाजूला जातं आणि पंप हवा ओढतो.

पुढचे टायर चांगले हवेत, कारण घसरती गाडी तेच वळवतात. मागे गोटा झालेले चालतील, पण तार दिसणारे किंवा फुगा आलेले नकोत. पंक्चरवाल्याकडे तुमच्या मापाचे उतरवलेले टायर सांगून ठेवा आणि दोन जादा रिम घ्या.

खुणेला दगड नकोत, रिकामे प्लास्टिकचे कॅन ठेवा. एका कॅनभोवती गोल, पहिल्या गिअरमध्ये, एका वेळी दहा मिनिटं. मग बॉनेट उघडून तापमानाच्या काट्याकडे बघत तितकाच वेळ गाडी थंड होऊ द्या. या वेळात चाकांचे नट पान्याने तपासा, आडव्या जोराने ते सैल होतात. संध्याकाळी एअर फिल्टर काढून झटका. मुरमाची धूळ त्यात पीठ साठल्यासारखी बसते आणि पुढच्या वेळी गाडी सुरूच होत नाही तेव्हा लोक कार्बोरेटर उघडत बसतात.